वासोट्याचा दिवस बोटीच्या वेळेवर आखा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोयना धरणाचा पाणीसाठा आपण रोज छापता. शेतकरी, वीजनिर्मितीशी संबंधित माणसे, सांगलीत कृष्णाकाठी राहणारी कुटुंबे, सगळे तो आकडा आपापल्या काळजीने बघतात. एका दिवसात वासोटा किल्ला करून येऊ इच्छिणाऱ्यानेही घर सोडण्याआधी तोच आकडा बघावा. वासोट्याची वाट गडाच्या पायथ्याला सुरू होत नाही. ती बामणोली गावाच्या काठावर सुरू होते आणि तिथेच संपते. मध्ये शिवसागर आहे, म्हणजे कोयनेचा फुगवटा, आणि दिवसाचे तीन तास तोच घेतो.

गड ज्यात आहे ते कोयना अभयारण्य पावसाळ्यात बंद असते. साधारण ऑक्टोबरच्या मध्यानंतर वाट उघडते आणि पुण्या-मुंबईहून गट यायला लागतात. बहुतेकांनी चढाची तयारी केलेली असते, वेळेची केलेली नसते. चढ तसा मध्यमच आहे. धडधाकट माणसाला, नेहमी चालणाऱ्या साठीतल्या गृहस्थालाही तो जमतो. फसगत होते ती वेळेच्या हिशेबात. या पत्राचा मुद्दा तेवढाच आहे आणि त्यासाठी तपशील द्यावे लागतील. पत्र लांबले आहे, तरी जागा असल्यास पूर्ण छापावे ही विनंती.

आधी चढाचा अंदाज. जलाशय काठोकाठ भरला की पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर असते. तिथून गडाचा माथा ५०० ते ६०० मीटर वर. पुणेकरांना समजेल अशा भाषेत सांगायचे तर आतकरवाडीतून सिंहगड चढण्याइतकीच उंची, फक्त वाट लांब, एका बाजूने चार-पाच किलोमीटर, आणि तीन चतुर्थांश दाट झाडीतून. म्हणून घरच्या घरी चाचणी सोपी आहे. आतकरवाडीची वाट पाठीवर चार किलो ओझे घेऊन दीड तासाच्या आत चढता येत असेल आणि उतरल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघे ओरडत नसतील, तर वासोटा जमेल. साताऱ्याच्या लोकांनी पायथ्यापासून अजिंक्यतारा सलग दोनदा चढून पाहावा. पण सिंहगडावर दमलेल्या माणसाला ताक, पिठले-भाकरी आणि खाली जायला जीपगाडी मिळते. वासोट्यावर यातले काही नाही. बामणोली सोडल्यानंतर दुकान नाही, गाडीरस्ता नाही, फोनला रेंज धरू नये. पायथ्याला मेट इंदवली हे नाव उरले आहे, गाव उरलेले नाही. तिथे वनखात्याची चौकी आहे, बस्स.

आता वेळ. ती सकाळकडून मोजू नका, संध्याकाळकडून मोजत या. डिसेंबरअखेरचा दिवस धरू. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. जलाशयावर अंधारात बोट चालवणे धोक्याचे, म्हणून उजेड असतानाच बामणोलीला लागायचे. बोटीला दीड तास, म्हणजे सव्वाचारला शेवटचा माणूस बोटीत बसलेला हवा. चौकीवर परतीची नोंद आणि प्लास्टिकची मोजणी होते, तिला १५ मिनिटे. म्हणजे चारला चौकी. उतरायला पावणेदोन तास, म्हणजे सव्वादोनला गड सोडायचा. गडावर दीड तास हवा असेल तर पाऊण वाजता दरवाजात पोहोचायचे. चढायला, थांबे धरून, अडीच तास. म्हणजे सव्वादहाला चौकीतून पाऊल पडले पाहिजे. तिथल्या तपासणीला अर्धा तास, म्हणजे पावणेदहाला बोट पायथ्याला. दीड तास मागे गेलात की सव्वाआठला बामणोलीहून बोट सुटली पाहिजे. परवाना आणि बोटीची पावती यात पाऊण तास जातो, रविवारी जास्त. म्हणजे साडेसातला सगळा गट, सगळी ओळखपत्रे आणि सगळे पैसे खिडकीपाशी हजर. साताऱ्याहून यवतेश्वर घाट आणि कास पठारावरून बामणोली चाळीसेक किलोमीटर, वळणे आणि धुके धरता सव्वा ते दीड तास. म्हणजे साताऱ्यातून सहाला निघणे. पुण्याहून निघणाऱ्याने पहाटे साडेतीनला गाडी सुरू करायची.

हा शेवटचा आकडा नीट बघावा. पहाटे साडेतीनला निघायचे म्हणजे चालक आदल्या रात्री फार तर तीन-चार तास झोपलेला. तोच माणूस दिवसभर चढ-उतार करून रात्री यवतेश्वरचा घाट उतरणार आणि पुढे महामार्गावर गाडी हाकणार. वासोट्याच्या दिवसातला सर्वांत धोक्याचा भाग जंगलात नाही, तो या रात्रीच्या परतीत आहे असे आमचे ठाम मत आहे. उपाय साधा आहे: आदल्या रात्री साताऱ्यात किंवा बामणोलीत मुक्काम करावा. बामणोलीत राहण्या-जेवण्याची घरगुती सोय होते, आणि सकाळचा दीड तास आयता हातात पडतो. दोन्हीपैकी कुठेच मुक्काम शक्य नसेल तर निदान न चढणारा वेगळा चालक बरोबर घ्यावा. तो दिवसभर बामणोलीत झोप काढेल. एसटीने येणाऱ्यांना तर आदल्या दिवशी बामणोली गाठण्यावाचून दुसरा मार्ग नाही, आणि गाडीच्या वेळा साताऱ्याच्या स्थानकावर विचारूनच घ्याव्यात.

परवान्यासाठी गटातल्या प्रत्येकाचे नाव, वय, गाव आणि फोन यांची यादी आधीच दोन प्रतींत लिहून आणा. प्रत्येकाच्या सरकारी ओळखपत्राची झेरॉक्स सोबत ठेवा. माणशी शुल्क, कॅमेऱ्याचे शुल्क आणि बोटीचे भाडे वेगवेगळे असते. बोट माणशी मिळत नाही, अख्खी घ्यावी लागते, त्यामुळे चार जणांनाही भाडे तेवढेच पडते. आठ ते दहा जणांचा गट खर्चाला आणि जंगलात सांभाळायलाही ठीक. त्याहून मोठा गट असेल तर दोन तुकड्या करा आणि प्रत्येकीला आपला म्होरक्या द्या. रोख आणि सुटे पैसे ठेवा. रेंज गेली की फोनवरचे पैसे कामाचे नाहीत. निघण्याच्या दोन दिवस आधी वन कार्यालयात फोन करून त्या दिवशी प्रवेश सुरू आहे ना, हेही विचारून घ्या. हा भाग कोयना अभयारण्याचा, म्हणजेच २०१० पासून सह्याद्री व्याघ्रप्रकल्पाचा आहे, आणि जंगलाच्या कामासाठी प्रवेश बंद ठेवला जाऊ शकतो. गडावर किंवा जंगलात मुक्कामाला परवानगी नाही. ती मिळवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये.

वाटाड्या जरूर घ्या. वाट मळलेली आहे हे खरे, पण मळलेल्या वाटेवरही एक मोठा फाटा आहे, त्याबद्दल पुढे लिहिले आहे. त्यातून बोटवाले आणि वाटाडे याच खोऱ्यातले. कोयनेचे पाणी चढले तेव्हा ज्यांची शेतं आणि गावं त्याखाली गेली, त्यांचीच ही पुढची पिढी. त्यांच्या मजुरीत शंभर-दोनशे रुपयांची घासाघीस करू नये.

बोटीबद्दल थोडे सविस्तर. जॅकेट फक्त अंगात घालू नका, सगळे पट्टे आवळा. खांद्याला धरून कुणी वर खेचले तर जॅकेट कानांपर्यंत सरकता कामा नये. सरकले तर पाण्यात पडल्यावर ते डोक्यावरून निघून जाईल. लहान माणसाला मोठे जॅकेट मिळाले असेल तर निघण्याआधीच बदलून मागा. बोटीत उभे राहून फोटो काढायला सगळे एका कडेला गेले की बोट कलते. ट्रेकचे बूट घातलेल्या माणसाला पोहता येत असले तरी फारसे पोहता येत नाही, म्हणून बसलेली जागा सोडू नये. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पाण्यावरचा वारा हाडांत शिरतो. कानटोपी आणि वाराबंद जॅकेट फक्त या दीड तासासाठी लागते, पण लागतेच. कुडकुडत उतरलेल्या माणसाचे स्नायू आखडलेले असतात आणि चढाच्या पहिल्या अर्ध्या तासात पोटरीत गोळा येतो तो त्यामुळे. उतरल्यावर पाच मिनिटे जागच्या जागी पाय मोकळे करा, मग चौकीकडे चला.

सर्वांत महत्त्वाचे: उतरताना बोटवाल्याशी परतीची वेळ तोंडी ठरवा, सगळ्यांनी ऐकावी अशी मोठ्याने, आणि दोघांनी घड्याळे जुळवून. तिथून त्याला फोन लागणार नाही. दुपारनंतर वारा उठला की पाण्यावर लाटा येतात आणि तीच बोट परतीला १५-२० मिनिटे जास्त घेते. वरचा हिशेब शांत पाण्याचा आहे हे लक्षात असू द्या. तापोळ्याहून किंवा शेंबडीहूनही बोटी मिळतात. महाबळेश्वरला उतरलेल्यांना तापोळा जवळचा वाटतो, पण तिथून पाण्यावरचा प्रवास लांबतो आणि तेवढा वेळ चढ-उतारातूनच जातो.

आता पाणीसाठ्याच्या आकड्याकडे येतो. धरणाची पूर्ण क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकडा शंभरीच्या आसपास असतो तेव्हा बोट जवळजवळ झाडीला टेकते. पुढे वीज आणि सिंचनासाठी पाणी सुटत जाते, आकडा उतरतो आणि काठ मागे सरकतो. बामणोली आणि वासोट्याचा पायथा ही दोन्ही ठिकाणे फुगवट्याच्या वरच्या अंगाला असल्याने पाणी उतरल्याचे इथे लवकर जाणवते. मार्चपासून बोट आणि झाडी यांच्यामध्ये गाळाचा, भेगाळलेल्या मातीचा आणि दगडगोट्यांचा उघडा पट्टा तयार होतो. एप्रिल-मेमध्ये तो तुडवायला जाताना १५-२० मिनिटे आणि येताना तितकीच, तीही उन्हात, सावलीचे एक झुडूप नसताना. वरून कोरडा दिसणारा गाळ पाण्यालगत मऊ असतो आणि पाय गुडघ्यापर्यंत जातो. बूट आत राहून पाय बाहेर येतो. म्हणून बोटवाला ज्या दगडांवरून चालतो त्याच दगडांवरून चालावे. थोडक्यात, आपल्या अंकात आकडा ६० च्या खाली दिसू लागला की वरच्या वेळापत्रकात किमान अर्धा तास वाढवा आणि तो गडावरच्या वेळेतून वजा करा.

चौकीवर सगळ्या पिशव्या उघडाव्या लागतात. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, गोळ्यांची पाकिटे, प्लास्टिक म्हणून जे असेल ते मोजून लिहून घेतात, अनामत घेतात आणि परत आल्यावर तितकेच दाखवले की अनामत परत देतात. ही पद्धत फार चांगली आहे आणि इतर गडांवरही व्हायला हवी. पण दहा जणांच्या पिशव्यांत साठ वेष्टने असली तर मोजणीत पाऊण तास जातो. खाणे घरीच स्टीलच्या डब्यांत आणि फडक्यांत बांधून आणले की हे काम दहा मिनिटांत उरकते. सिगारेट, काडेपेटी, दारू गाडीतच ठेवा. कारवीची झुडपे आणि गवत वाळले की एक ठिणगी डोंगर पेटवते.

चौकीमागून वाट ओढ्याच्या अंगाने सपाटीवरून जंगलात शिरते. सुरुवातीलाच मारुती आणि गणपतीच्या मूर्ती लागतात. पहिला अर्धा तास सोपा आहे आणि नेमका इथेच उत्साहाच्या भरात वेग वाढतो. तो आवरा. बोलता बोलता वाक्य पूर्ण करता यावे इतकाच वेग ठेवा. पुढे चढ खडा होत जातो, झाडी दाट असल्याने वारा लागत नाही, घाम निघत राहतो आणि ऊन नसल्यामुळे तहान लागल्याचे कळत नाही. तासाभराच्या चालीनंतर फाटा येतो. एक वाट वासोट्याला, दुसरी नागेश्वराच्या गुहेकडे. गटातले पुढचे चार जण गप्पांच्या नादात नागेश्वराच्या वाटेला लागतात आणि मागचे गडावर जाऊन त्यांची वाट बघत बसतात. म्हणून नियम असा ठेवा की फाट्यावर सगळे एकत्र आल्याशिवाय कोणीही पुढे जायचे नाही. एक जाणता माणूस सर्वांत पुढे, एक सर्वांत मागे, आणि मागच्याच्या मागे कुणी नाही. नागेश्वर आणि वासोटा एकाच दिवसात करण्याचा बेत मध्यम चालीच्या गटाने करू नये. त्याने दिवसात सुमारे तीन तासांची भर पडते, आणि वरच्या हिशेबात तीन मिनिटेही शिल्लक नाहीत. नागेश्वरासाठी वेगळा दिवस काढावा.

फाट्यानंतरचा टप्पा सर्वांत दमवणारा. झाडी हळूहळू विरळ होते, कारवी आणि गवत सुरू होते आणि शेवटी पडक्या पायऱ्या येतात. इथे घसारा आहे. बारीक मुरमावर पाय गोट्यांवरून सरकल्यासारखा सरकतो. चढताना त्रास नाही, पण उतरताना पडण्याच्या घटना बहुतेक याच टप्प्यात आणि त्याखालच्या वाळल्या पाचोळ्यात होतात. कारण एकच. माणूस टाच रोवून, अंग मागे टाकून उतरतो, टाच सुटते आणि तो पाठीवर आपटतो. गुडघे किंचित वाकवून, अंग पुढे ठेवून, अख्खे पाऊल टेकवत लहान पावलांनी उतरावे. हातात काठी असावी. बूट नवे नसावेत, तळ झिजलेलाही नसावा. नखे आदल्या दिवशी कापलेली असावीत. उतारावर पायाचे बोट बुटाच्या पुढच्या भागावर आपटून नख काळेनिळे होते, ते न कापल्यामुळे.

गडात शिरल्यावर समोर बिनछपराचा मारुती. तिथून वाटा फुटतात. उजवीकडे महादेवाचे देऊळ आणि पुढे माची. डावीकडे पाण्याची टाकी आणि पुढे बाबूकडा. समोरच्या वाटेवर वाड्याचे अवशेष. दीड तासात माची आणि बाबूकडा दोन्ही होतात, पण जेवण त्यातच बसवावे लागते. आम्ही सुचवतो की आधी माची, मग देवळाच्या सावलीत जेवण, शेवटी बाबूकडा. माचीवरून कोयनेचा निळा फाटाफाट्यांचा पसारा एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला कोकणात उतरणारा सह्याद्री. हवा स्वच्छ असेल तर चकदेव, महिपतगड, सुमारगड, रसाळगड ओळखू येतात. बाबूकड्याचा अर्धवर्तुळाकार तुटलेला कडा आणि त्याच्या पलीकडचा जुना वासोटा हे तर या गडाचे खरे दर्शन. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवून इकडे मारा केला आणि गड घेतला. समोरासमोर उभे राहिले की ते का जमले, हे न सांगता कळते. जुन्या वासोट्यावर जायच्या वाटा मोडल्या आहेत, तिकडे जाऊ नये. कड्याला कठडा नाही. काठापासून दोन माणसांच्या उंचीइतके अंतर ठेवून बसावे, आणि काठाकडे पाठ करून मागे मागे सरकत फोटो तर कधीही काढू नये.

पाणी हा विषय वेगळा लिहिण्यासारखा आहे. माणशी ३ लिटर, मार्चनंतर ४. तीन लिटर म्हणजे तीन किलो ओझे, म्हणून लोक एक बाटली कमी करतात आणि गडावर पोहोचेपर्यंत उरलेली संपवतात. मग उतारावर, दुपारी तीनच्या सुमारास, मांडीत आणि पोटरीत गोळे येतात. हे पायांच्या कमजोरीने होते असे वाटते, पण पाणी-मीठ कमी पडणे हेही कारण असू शकते. विभागणी अशी करावी: १ लिटर चढताना, १ लिटर गडावर जेवणासह, १ लिटर उतरताना. एका लिटरमध्ये ओआरएसची पुडी किंवा लिंबू, मीठ, साखर. नुसतेच पाणी सपाटून पिऊ नये. वाटेतल्या ओढ्यांना नोव्हेंबरपर्यंत पाणी असते, पुढे ते आटत जातात. गडावरच्या टाक्यातले पाणी उघडे आहे. ते प्यायचेच झाले तर गाळून आणि क्लोरीनची गोळी टाकून, गोळीच्या वेष्टनावर लिहिलेला वेळ थांबून मगच प्यावे.

खाण्यात भाकरी किंवा तूप लावलेली पोळी, शेंगदाण्याची चटणी, गूळ-दाणे, केळी, काकडी, मोसंबी. दर पाऊण तासाला मूठभर दाणे आणि गुळाचा खडा खाल्ला की शेवटच्या टप्प्यात हात-पाय थरथरत नाहीत. तेलकट वडे आणि लाडूंचे भरपेट जेवण गडावर करू नका, उतरताना ते घशाशी येते. साले, बियाही परत आणायच्या.

या जंगलात गवे, अस्वले, बिबटे आहेत. दिवसा, गटाने, साध्या आवाजात बोलत चालणाऱ्या माणसांना ते सहसा आडवे येत नाहीत. धोका अचानक समोरासमोर येण्यात असतो, म्हणून वळणांवर आणि दाट कारवीत अगदी मुकाट चालू नये आणि एकट्याने पुढे पळू नये. गवा दिसला तर थांबा, त्याला जायला वाट मोकळी ठेवा, फोटोसाठी पाऊलही पुढे टाकू नका. कानात गाणी लावून चालू नका. आधार म्हणून फांदी पकडण्याआधी ती नीट बघा. हिरवा चापडा हिरव्या फांदीवर हलत नाही, आणि तो विषारी आहे. कड्याला किंवा उंच झाडाला आग्यामोहोळ असेल तर त्या टप्प्यात आवाज, अत्तर, सेंट, धूर काहीही नको. मधमाश्या उठल्याच तर हात हलवू नका, तोंड आणि मान कापडाने झाका आणि झाडीतून दूर निघा. अंगावर पूर्ण बाह्यांचा, फिक्या रंगाचा सुती सदरा असावा.

ऑक्टोबरच्या अखेरीस वाट ओली असते आणि जळवा असतात. विजार मोज्यांत खोचावी, मोज्यांना मीठ किंवा तंबाखूचे पाणी लावावे. लागलेली जळू ओढू नये, तिचे तोंड आत राहून जखम चिघळते. नखाने कडेने सरकवली किंवा मीठ टाकले की सुटते. रक्त थोडा वेळ वाहत राहते, ते दाबून धरले की थांबते. याउलट फेब्रुवारीनंतर गवतात गोचीड असतात. घरी गेल्यावर काखा आणि कमरेपाशी नीट बघावे. सर्वांत चांगला काळ नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर. कासची फुले आणि वासोटा एकाच सहलीत करण्याचा बेत दरवर्षी अनेकजण करतात, पण फुलांचा बहर सप्टेंबरात असतो आणि तेव्हा वासोटा बंद असतो. बहर लांबला आणि ऑक्टोबरात गाठ पडलीच, तर शनिवार-रविवारी कासच्या रस्त्यावर गाड्या अडकतात आणि सकाळची बोट हुकते.

बोट हुकली, चौकीवर उशीर झाला, गटातला एक मागे पडला, असे काहीतरी होणारच. तेव्हा वेळ कुठून काढायचा, हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. उतराईच्या पावणेदोन तासांतून एक मिनिटही काढायचे नाही. घाईत उतरणारा गटच पडतो. वेळ काढायचा तो गडावरच्या दीड तासातून. आणि एक ठाम रेघ: दुपारी दीडपर्यंत गडात पोहोचला नसाल तर जिथे असाल तिथून मागे वळायचे, मग दरवाजा दहा मिनिटांवर दिसत असला तरी. हे म्होरक्याने एकट्याने गडाखाली ठरवू नये, बोटीत सगळ्यांदेखत सांगावे. वर पोहोचल्यावर नवे मत मांडायला सगळ्यांना उत्साह असतो.

पाय मुरगळला तर बूट काढू नका, सूज येऊन तो परत चढत नाही. बुटावरूनच क्रेप पट्टी आठच्या आकड्यात घट्ट बांधा. चालता येत असेल तर दोन काठ्या आणि दोघांचा आधार देऊन लगेच उतरायला लागा, कारण वेळ तिप्पट लागेल. चालताच येत नसेल तर दोन सशक्त माणसे चौकीवर पाठवा, लिहिलेला निरोप देऊन: कोण, कुठे, काय झाले, किती वाजता. बाकीच्यांनी जखमीजवळ थांबावे, त्याला उबेत ठेवावे. गडावरून साताऱ्याच्या मोठ्या रुग्णालयात पोहोचायला सगळे सुरळीत झाले तरी पाच तास लागतात. म्हणून दम्याचा पंप, मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे ज्याची त्याच्याजवळ, पिशवीच्या वरच्या कप्प्यात असावीत आणि ती कुठे आहेत हे शेजारच्याला माहीत असावे. हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला येऊ नये. प्रत्येकाकडे विजेरी असावी, फोनची नाही, वेगळी. वेळेत परतायचे असले तरी.

संपादक महोदय, शेवटी दोन मागण्या. एक संबंधित विभागांकडे: साताऱ्याच्या एसटी स्थानकावर, कास रस्त्याच्या सुरुवातीला आणि बामणोलीच्या काठावर एकेक मोठा मराठी फलक लावावा. त्यावर पायथ्याची परतीची शेवटची वेळ, परवान्याला लागणारे कागद, शुल्क आणि त्या आठवड्यात बोट कुठपर्यंत जाते एवढेच लिहिलेले असावे. खडूने रोज बदलता येईल असा फळा असला तरी चालेल. दुसरी आपल्याकडे: हंगामात शुक्रवारच्या अंकात, कोयनेच्या पाणीसाठ्याच्या चौकटीखाली, एक ओळ वाढवावी. सूर्यास्ताची वेळ आणि त्या हिशेबाने वासोट्याच्या पायथ्याहून बोट सुटण्याची वेळ. शनिवारी पहाटे निघणाऱ्याच्या हातात ती ओळ असेल.

आपले,
सातारा-जावळी परिसरातील काही डोंगरभटके वाचक